‘दमलास रे’ कुठल्या रकान्यात?

मी पुण्यात जपानी भाषेची कामं करते. गेल्या महिन्यात आलेलं काम असं होतं: निवृत्त फुटबॉलपटू हिदेतोशी नाकाता यांच्याबद्दल लोक नेटवर काय लिहितात ते वाचायचं आणि प्रत्येक प्रतिक्रिया अनुकूल, प्रतिकूल की तटस्थ ते ठरवायचं. त्यावरून त्यांच्या आजच्या लोकप्रियतेचा आकडा निघणार होता.

पहिला अर्धा दिवस निवडण्यातच गेला. नुसतं ‘नाकाता’ शोधून सगळं गोळा केलेलं. त्यात युट्यूबवर गाजलेले अत्सुहिको नाकाता आले, 2006च्या विश्वचषक संघातलेच कोजी नाकाता आले, आणि चाहते ज्या नावाने हिदेतोशींना हाक मारतात ते ‘हिदे’ मात्र गळलं. जपानी येणाऱ्या कुणालाही आधी विचारलं असतं तर हे टळलं असतं. भाषेच्या माणसाला नेहमी शेवटीच बोलावतात.

यंत्राने एकदा वर्गवारी केलेली होती, ती आम्ही तपासायची. जपानी मुलं हसू आलं की ‘कुसा’, म्हणजे गवत, असं लिहितात. ‘वाराऊ’ म्हणजे हसणं. त्याच्या पहिल्या रोमन अक्षराची, डब्ल्यूची, रांग लावली की गवतासारखी दिसते. टाळ्यांसाठी 888, कारण आठ म्हणजे ‘हाची’ आणि टाळीचा आवाज ‘पाची पाची’. यंत्राने ते निव्वळ आकडे समजून टाकून दिले होते. ‘तोरिहादा’, शब्दशः पक्ष्याची कातडी, सरसकट प्रतिकूलमध्ये. मे 2001 मध्ये इटलीतल्या युव्हेंटस क्लबविरुद्ध, तोत्ती या खेळाडूच्या जागी उतरून नाकातांनी रोमा क्लबसाठी लांबून जो गोल मारला, त्याच्याखाली लोकांनी हा शब्द लिहिला होता! आपल्याही अंगावर काटा भीतीने येतो तसा आनंदानेही येतोच की. ते सगळे मी एकेक करून अनुकूलमध्ये आणले आणि त्याचं मला मनापासून समाधान वाटलं.

मग जर्मनीतल्या डॉर्टमुंडचा व्हिडिओ आला. 22 जून 2006, विश्वचषकात जपानची ब्राझीलकडून 4-1 अशी हार, आणि सामना संपल्यावर मैदानाच्या मध्यावर उताणे पडून राहिलेले नाकाता. 3 जुलैला त्यांनी स्वतःच्या वेबसाइटवर निवृत्ती जाहीर केली. वय 29. पत्रकारांना मध्ये न घेता ते चाहत्यांशी तिथूनच बोलत आले होते. म्हणूनच असेल, लोक अजूनही त्यांच्याशी समोरासमोर बोलल्यासारखं लिहितात.

त्या व्हिडिओखाली एकाने एकच शब्द लिहिला होता: ‘ओत्सुकारेसामा’. शब्दात थकवा आहे म्हणून यंत्राने प्रतिकूल ठरवला. मी अनुकूल केला. तपासणाऱ्या सरांनी तटस्थ केला. म्हणाले, ऑफिसातून निघताना सगळेच म्हणतात, नुसती रीत आहे. ऑफिसापुरतं ते खरं आहे. पण काम संपलेल्या माणसाला म्हणताना बहुधा पुढे ‘देशिता’ जोडून भूतकाळ करतात. या माणसाने तो केला नव्हता. इतक्या वर्षांनी, जणू नाकाता अजून तिथेच पडलेत आणि हा शेजारी येऊन बसलाय.

मी सरांना हे सांगितलं. त्यांनी ऐकूनही घेतलं, पण संध्याकाळी यादी पाठवायची होती.

शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला विचारलं, मराठीत काय म्हणशील? तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, “दमलास रे. पड जरा.”

यादीत तो शब्द तटस्थ म्हणूनच गेला.