आमादेचा पुतळा, हायवेच्या कडेला

ह्यूस्टनहून यूनिसला साडेतीन तास. लुइझियानातल्या या छोट्या गावात शनिवारी सकाळी सॅव्हॉय यांच्या अकॉर्डियनच्या दुकानात मंडळी जमून केजन संगीत, म्हणजे इथल्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांचं लोकसंगीत, वाजवतात. येताना बूडॅन आणायची रीत आहे, म्हणजे डुकराचं मांस आणि भात भरलेलं सॉसेज. मी शाकाहारी! तरी घेतलं, गाडीभर वास सोसला.

वादन झकास होतं, पण निम्मे लोक मोबाइल उंचावून उभे. एका आजोबांनी खुर्ची पुढे सरकवली, "बैस, शा." शा म्हणजे बाळा. मग मीही मुकाट मोबाइल खाली ठेवला.

खरं तर मी आलो होतो आमादे आर्दवाँ या जुन्या अकॉर्डियनवादक-गायकासाठी. केजन संगीताची पहिली तबकडी १९२८ची, जो फाल्कन आणि क्लिओमा ब्रो यांची. पुढच्याच वर्षी न्यू ऑर्लिन्समध्ये आमादे ध्वनिमुद्रणाला बसला. हा काळा क्रेओल, म्हणजे इथल्या फ्रेंच बोलणाऱ्या कृष्णवर्णीयांपैकी, आणि सोबत फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर, डेनिस मॅगी, गोरा. ज्या काळात दोघांना एका टेबलावर जेवू दिलं नसतं, त्या काळात! एकेक गाणं जेमतेम तीन मिनिटांचं, आपल्या जुन्या नाट्यगीतांच्या तबकड्यांसारखं. त्यात तो असा टाहो फोडतो की फ्रेंच कळत नसलं तरी पोटात कालवतं. १९३४पर्यंत चौतीस गाणी, बस्स.

पुढचं सगळं ऐकीव. गोऱ्यांच्या नाचाला वाजवताना त्यानं घाम पुसायला फडकं मागितलं, घरमालकाच्या मुलीनं आपला रुमाल दिला. तेवढ्यावरून काही गोऱ्यांनी त्याला रात्री गाठून बेदम मारलं. मग डोकं ठिकाणावर राहिलं नाही म्हणतात. एवढं मात्र कागदोपत्री आहे, की १९४२ साली तो पाइनव्हिलच्या मनोरुग्णालयात वारला. तिथे पुरलं, पण नेमकं कुठे, कोणालाच ठाऊक नाही.

म्हणून २०१८ साली इथल्याच ओपेलूसस गावी त्याचा पुतळा उभारला. मला वाटलं होतं चौकात असेल. तो निघाला हायवेलगतच्या पर्यटक केंद्राच्या आवारात. शेजारून ट्रक धडधडत होते. बायको म्हणाली, "फुलं तरी आणायची होतीस." खरंच सुचलं नाही. बूडॅन आठवणीनं नेलं होतं, तेही अनोळखी लोकांना.

लाफायेतला मुक्काम, रविवारी तळ्यात मगरी बघितल्या, परत निघालो.

गाडीत आमादे लावला. ऐकू येईना म्हणून बायकोनं आवाज वाढवला, तर आधी खरखरच वाढली.