खटला मल्हाररावांचा, भिंतीवर मात्र वकील

आमच्या बडोद्याच्या घरी हॉलमध्ये, टीव्हीच्या वर डाव्या बाजूला, एका इंग्रज वकिलाचं व्यंगचित्र फ्रेम करून लावलंय. येणारा जाणारा प्रत्येकजण विचारतो की हे कोण, आणि मी सांगायला लागलो की बायको चहाच्या निमित्ताने आत पळते, कारण ही गोष्ट तिने निदान शंभरदा ऐकलीये.

तर हे सार्जंट बॅलंटाइन (सार्जंट म्हणजे पोलीस नव्हे, तेव्हाच्या बड्या वकिलांची पदवी). लंडनच्या 'व्हॅनिटी फेअर' साप्ताहिकात 1870 साली आलेलं रंगीत लिथोग्राफ, आणि खाली एक ओळ, तिचा अर्थ साधारण असा की राजघराण्यातल्या राजपुत्राची उलटतपासणी घ्यायचा मोह यांनी आवरला. झालं काय होतं, की त्या साली लंडनमध्ये मॉरडंट नावाचा घटस्फोटाचा खटला गाजला, त्यात चक्क प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे इंग्लंडचा युवराज, साक्षीला उभा राहिला, आणि बॅलंटाइन नवऱ्याच्या बाजूचे वकील असूनही त्याला एक प्रश्न न विचारता खाली बसले.

आता यात बडोद्याचं काय, तर तेच सांगतोय. 1874 च्या नोव्हेंबरात रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, कर्नल फेअरने आरोप केला की आपल्या पपनसाच्या सरबतात विष घातलंय (सोमल म्हणजे आर्सेनिक, आणि हिऱ्याची पूड, आमच्या आजीकडून लहानपणी ऐकलेलं, तेव्हा वाटायचं की हिरा खाल्ला की माणूस मरतोच), संशय गेला बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाडांवर, आणि 1875 च्या फेब्रुवारीत इथेच बडोद्यात चौकशी कमिशन बसलं. तीन इंग्रज आणि तीन आपले म्हणजे ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराजा रामसिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव. मल्हाररावांच्या बाजूने उभे राहायला भलीमोठी फी घेऊन विलायतेहून कोण आलं, तर हेच बॅलंटाइन. राजपुत्राला सोडलं होतं, रेसिडेंटला नाही सोडलं, फेअरसाहेबांची अशी उलटतपासणी घेतली की बास. निकाल तीन विरुद्ध तीन. इंग्रजांना गुन्हा सिद्ध वाटला, आपल्या तिघांना नाही वाटला. म्हणजे जे संस्थानिक सरकारचे दोस्त म्हणून शोभेला बसवले होते तेच ऐनवेळी 'हो' म्हणाले नाहीत! मग सरकारने विषाचा मुद्दाच बाजूला ठेवला आणि गैरकारभाराचं कारण देऊन एप्रिलमध्ये मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासला पाठवलं. मेमध्ये कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक आला, तेच आपले सयाजीराव. आणि नोव्हेंबरात त्या मुलाकडे पाहुणा म्हणून कोण आलं? तोच प्रिन्स ऑफ वेल्स. मला हे जोडताना रात्रीचे दोन वाजले होते, झोपच लागली नाही.

खरं म्हणजे मी शोधत होतो मल्हाररावांचं व्यंगचित्र. अजून हाती लागलेलं नाही. नऊ-दहा वर्षं इंग्रजी राजवटीवरची जुनी चित्रं गोळा करतोय आणि एक गोष्ट हळूहळू लक्षात आली, की लंडनच्या चित्रकारांना हिंदुस्थानचा शत्रू काढायला फार आवडायचं पण दोस्त काढायचा म्हटलं की त्यांचा हात अडायचा. शत्रूला निदान अंग असतं. गिलरे या इंग्रज व्यंगचित्रकाराने 1791 मध्ये टिपू काढलाय तो तटावर उभा राहून खाली पळणाऱ्या गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसच्या फौजेवर चक्क लघवी करतोय, शत्रू असला तरी रुबाब बघा! 1857 साली चित्रकार टेनिएलने 'पंच' या लंडनच्या विनोदी साप्ताहिकात बंडाला वाघ केलं, त्याच्यावर झेप घेणारा ब्रिटिश सिंह. पण दोस्त? 1878 चं 'सेव्ह मी फ्रॉम माय फ्रेंड्स' बघा, अफगाण अमीर शेर अली मधे बिचारा उभा, एका बाजूला रशियन अस्वल आणि दुसऱ्या बाजूला सिंह, दोघंही मित्र म्हणवणारे. आणि 1876 चं 'न्यू क्राउन्स फॉर ओल्ड वन्स', त्यात पंतप्रधान डिझरायली अल्लाउद्दीनच्या जादूच्या दिव्याच्या गोष्टीतला फेरीवाला होऊन व्हिक्टोरिया राणीला जुन्याच्या बदल्यात हिंदुस्थानच्या सम्राज्ञीचा नवा मुकुट देतोय, सौदा सगळा हिंदुस्थानचा, पण बोलणी त्या दोघांतच.

आमच्याकडे मात्र राजाच्या नावामागे 'फर्जंद-इ-खास-इ-दौलत-इ-इंग्लिशिया' लागायचं, म्हणजे इंग्रज सरकारचा लाडका मुलगा. आजोबा ही बिरुदावली एका दमात म्हणायचे, शेवटच्या समशेर बहादूरपर्यंत. त्याच लाडक्या मुलाने, म्हणजे सयाजीरावांनी, 1911 च्या दिल्ली दरबारात अंगावर दागिने न चढवता एकदाच वाकून बादशहाकडे पाठ फिरवली आणि विलायतेत केवढा गहजब झाला.

आपल्या बाजूची चित्रं हवी असतील तर मुंबईचा 'हिंदी पंच' बघायचा. पारशांचा, आधीचा 'पारसी पंच' 1854 चा. खाली इंग्रजी आणि गुजराती दोन्ही मजकूर, त्यामुळे बडोद्यात वाढल्याचा फायदा झाला, इंग्रजी ओळ जपून लिहिलेली वाटते आणि गुजरातीत जरा जास्त मोकळं बोललंय असं बऱ्याचदा वाटतं. माझ्याकडे पाचच पानं आहेत, तीही रद्दीवाल्याकडच्या एका फाटक्या बाडातून. त्याला वाटलं मी वेडा आहे, 'अरे साहेब, आमां शुं छे?' (यात आहे काय?) म्हणाला. मी गप्प राहिलो, भाव वाढला असता ना.

फसलोही आहे. एकाने ऑनलाइन 'ओरिजिनल' म्हणून 'पंच'चं रंगीत चित्र विकलं. त्या काळातला 'पंच' काळ्या शाईत लाकडी ठशावरून छापायचे, रंग दिसला म्हणजे नंतर कोणीतरी हाताने भरलाय एवढं मला कळायला हवं होतं, पण हे तर त्याहून वाईट, घरी येऊन भिंग लावलं तर सगळे आजकालच्या ऑफसेट छपाईचे ठिपके. पैसे गेले. आता आधी भिंग, मग पाकीट. आणि पावसाळ्यात कसर लागते ती वेगळीच डोकेदुखी, फाइल दर महिन्याला उघडून झटकायची.

फाइलमध्ये 'बडोदे 1875' असं लिहिलेला एक प्लॅस्टिकचा कप्पा मी रिकामा ठेवलाय. परवा आत्याची नात आली होती, वकिलाकडे बघून म्हणाली, 'मामा, हे तुमचे पणजोबा का?' हो म्हटलं. बायको आतून हसली.