कार्टनवर एक बेडूक, कागदावर दुसरा

अँटवर्प बंदरात मी गेली नऊ वर्षं क्लिअरिंगचं काम करते. आशियातून येणाऱ्या फ्रोझन मालाची कागदपत्रं तपासायची, कस्टम्सचं डिक्लरेशन भरायचं, माल सुटेपर्यंत पाठपुरावा करायचा. कोळंबी, माकूल, बासा आणि बेडकांच्या तंगड्या. शेवटचं नाव ऐकून गावाकडची माणसं दचकतात. इथे फ्लेमिशमध्ये त्यांना 'किकरबिलन' म्हणतात आणि आमच्या ऑफिसात तो शब्द कोळंबीइतकाच रोजचा. युरोपियन युनियनमध्ये येणाऱ्या तंगड्यांपैकी सुमारे ७० टक्के बेल्जियममध्ये उतरतात. खाल्ल्या मात्र जातात बहुतेक फ्रान्समध्ये.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी तपासणी केंद्रातून फोन आला. इंडोनेशियातल्या सुराबायाहून आलेला रीफर, म्हणजे शीतकरणाचा कंटेनर, २२ टन माल, तापमान उणे १८, सील शाबूत. सरकारी पशुवैद्य बाई शांतपणे म्हणाल्या, "हेल्थ सर्टिफिकेटवर एक बेडूक आहे आणि कार्टनवर दुसरा. तुमचा नक्की कोणता?"

मी पीडीएफ उघडून पाहिलं. सर्टिफिकेटवर फेजेरवार्या कँक्रिव्होरा, म्हणजे खारफुटीत आणि भातखाचरांत राहणारा, खेकडे खाणारा बेडूक. कार्टनच्या फोटोत ठळक अक्षरांत राना मॅक्रोडॉन. हे जावातल्या एका मोठ्या बेडकाचं जुनं नाव. एवढ्या वर्षांत असे किती कंटेनर मी सोडवले असतील! वजन, बॅच नंबर, कारखान्याचा नंबर जुळला की माझं काम झालं, असंच मी समजत आले होते. नावाच्या ओळीवर नजर ठरलीच नव्हती.

दुपारी मी स्वतः केंद्रात गेले. एरवी जायची गरज पडत नाही. स्टीलच्या टेबलावर त्यांनी एक कार्टन फोडलं होतं. आत एक-एक किलोच्या पिशव्या, प्रत्येकीवर ३१/४० असा शिक्का, म्हणजे किलोत ३१ ते ४० जोड्या. पिशवी कापल्यावर बर्फाचा चुरा टेबलावर सांडला. पांढुरक्या गुलाबी तंगड्या, कमरेपाशी जोडलेल्या, उडी मारायच्या बेतात असल्यासारख्या. मांडी माझ्या अंगठ्याएवढी. डोकं नाही, कातडी नाही, पंजे छाटलेले. बाई म्हणाल्या, "यावरून जात मी ओळखणार कशी? कुणालाच येणार नाही."

तेव्हा मी मोबाइलवर सहज गुणाकार केला. किलोला ३५ जोड्या धरल्या, तर २२ टनांत ७ लाख ७० हजार बेडूक. एका कंटेनरमध्ये. ठाण्यापासून कर्जतपर्यंतच्या सगळ्या खाचरांत मिळून तरी एवढे असतील का, हा प्रश्न मनातून जाईना.

आमच्या धंद्यात आकडे किलोत बोलतात. २०१० ते २०१९ या दहा वर्षांत युरोपियन युनियनने ४ कोटी ७ लाख किलो तंगड्या आयात केल्या. बेडूक किती, ते त्यांच्या आकारावर अवलंबून. अंदाज ८१ कोटींपासून २०० कोटींपर्यंत जातो. जवळपास तीन चतुर्थांश माल इंडोनेशियाचा आणि तिथले बेडूक प्रामुख्याने रानातून, शेतांतून पकडलेले. पाळलेले बेडूक येतात ते मुख्यतः व्हिएतनाममधून. कस्टम्सच्या कोडमध्ये हा माल मासळीच्या प्रकरणात नाही, मांसाच्या प्रकरणात आहे : ०२०८ ९० ७०. या आठ आकड्यांत बेडकाची जात सांगायला जागाच नाही. एक जात संपत आली आणि तिच्या जागी दुसरी भरली, तरी आयातीचा आलेख सरळच दिसणार.

आयातदार तासातासाला फोन करत होता. रीफरच्या विजेचं भाडं चढत होतं. "लेबल जुनंच छापून येतं, सगळ्यांचंच येतं," हे त्याचं म्हणणं. त्यात तथ्य आहे, हेच वाईट. पॅरिसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयातल्या संशोधकांनी फ्रान्समधल्या फ्रोझन तंगड्यांची डीएनए तपासणी केली होती. २०१७ मध्ये छापून आलेल्या त्या निष्कर्षांत जवळपास सगळ्या कँक्रिव्होरा निघाल्या, लेबलं काहीही असली तरी.

रात्री बाबांना फोन केला. आमचं गाव दोडामार्ग तालुक्यातलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "अगं, आम्हीही पकडलेत. गॅसबत्ती घेऊन मृगाच्या पहिल्या पावसात जायचं. उजेड डोळ्यांवर पडला की बेडूक जागचा हलत नाही. पोत्यात भरायचे आणि एजंटाला द्यायचे. शाळेची फी त्यातून निघायची." मला हे माहीतच नव्हतं. त्या वेळी भारतातून दरवर्षी हजारो टन तंगड्या परदेशी जात. १९८५ मध्ये आपला मोठा बेडूक, पावसाळ्यात नर हळदीसारखा पिवळा होतो तो, साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात गेला. भाताची कीड खाणारेच कमी होत चालल्याची ओरड वाढली आणि १९८७ मध्ये भारताने निर्यात बंद केली. युरोपची मागणी मात्र थांबली नाही, ती इंडोनेशियाकडे वळली. बाबांच्या पोत्यातली जागा जावातल्या कुणाच्या तरी पोत्याने घेतली. तिथेही कुणाच्या तरी फीचे पैसे त्यातूनच निघत असणार.

पशुवैद्य बाईंनी नमुना प्रयोगशाळेत पाठवला. अकराव्या दिवशी अहवाल आला : कँक्रिव्होरा. सर्टिफिकेट खरं, लेबल चुकीचं. सगळ्या कार्टनांवर नवी लेबलं लावून घेतली आणि माल सुटला.

डिक्लरेशन भरताना मालाच्या वर्णनाच्या रकान्यात आम्ही नेहमी फक्त 'फ्रोझन फ्रॉग लेग्ज' लिहितो. त्या दिवशी मी पुढे जातीचं पूर्ण नाव लिहिलं. साहेब म्हणाले, "हे कुणी मागितलंय? आकडेवारीत जाणारही नाही." मी म्हटलं, "नाही जाणार, पण फाइलमध्ये राहील." त्यानंतरच्या प्रत्येक कंटेनरला मी आधी कार्टनचा फोटो मागवते, सर्टिफिकेटशेजारी ठेवते आणि नाव मोठ्याने वाचते. गेल्या महिन्यात दोन परत पाठवले, लेबल बदलून आणा म्हणून.