रात्री दीड वाजता स्टेज उतरवताना

माझ्या पहिल्या स्वतंत्र ऑर्डरच्या रात्री दीड वाजता मी हॉलच्या मधोमध उभी होते. पाहुणे गेले होते, नवरानवरीही गेले होते. हॉलचा माणूस किल्ल्यांचा जुडगा वाजवत म्हणाला, "ताई, आवरा आता. दोनला हॉल रिकामा लागतो." माझ्या हाताशी दोन मुलं, तीही सकाळी सातपासून राबलेली. सजावट उभी करायला आम्हाला 9 तास लागले होते. उतरवायला किती लागतील हे मी कुठेही लिहिलं नव्हतं. कोटेशनमध्ये नव्हतं आणि डोक्यातही नव्हतं.

त्याआधीची 11 वर्षं मी ऑडिटमध्ये होते. दुसऱ्यांच्या खात्यांतून काय राहून गेलंय ते शोधायचं, हेच माझं काम.

नोकरी सोडण्यामागे काही मोठं नाट्य नव्हतं. मामेबहिणीच्या लग्नात हौसेने स्टेज सजवलं, सगळ्यांनी डोक्यावर घेतलं आणि मला वाटलं, हेच करावं. फुकट केलेल्या कामाचं कौतुक फार लवकर होतं, हे तेव्हा कळत नव्हतं. नशीब एवढंच की लगेच राजीनामा दिला नाही. वर्षभराचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत थांबले, कारण या धंद्यात हंगाम संपला की फोन वाजायचा बंद होतो. तोवर शनिवार-रविवार एका जुन्या डेकोरेटरांकडे मदतनीस म्हणून जायला लागले.

पहिले काही आठवडे त्यांनी मला फुलांना हातच लावू दिला नाही. "मॅडम, फुलं नंतर. आधी बादल्या." मी बादल्या घासायचे. नुसत्या विसळलेल्या चालायच्या नाहीत, साबणाने घासून काढायच्या. बादलीला बुळबुळीत थर असला की पाण्यात जंतू वाढतात, ते देठाच्या बारीक नळ्या बुजवतात आणि पाण्यात उभा असलेला गुलाब तहानेने मान टाकतो. देठ तिरका कापायचा, पाण्याखाली जाणारं प्रत्येक पान काढायचं, मग काही तास थंडाव्यात नुसतं पाणी पिऊ द्यायचं. गुलाब आणि कार्नेशन 2 ते 4 अंशांवर खूश असतात. ऑर्किड आणि अँथुरियम त्याच थंडीत डागाळतात, त्यांना 12-13 अंश लागतात. सगळा माल एकाच फ्रीजमध्ये कोंबला की सकाळी निम्मा फेकायचा.

एकदा मी कार्नेशनच्या चार बादल्या घरी आणून रात्रभर स्वयंपाकघरात ठेवल्या, पिकलेल्या फळांच्या टोपलीशेजारी. सकाळी बघते तर फुलं झोपल्यासारखी मिटलेली. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि कार्नेशनला तो अजिबात सोसत नाही. वनस्पतींवरचा या वायूचा परिणाम 1901 मध्ये नेल्युबोव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने ओळखला होता. मला तो सव्वाशे वर्षांनी, स्वतःच्या पैशांनी कळला.

पण सर्वांत मोठा धडा मला फोमने दिला. फुलं खोचायचा हिरवा फोम कोरडा असताना हातात घेतला तर काही धरलंय असं वाटतच नाही. तो पाण्यावर सोडायचा आणि आपोआप बुडू द्यायचा. घाईने दाबला तर आत हवा अडकते आणि मधोमध खोचलेली फुलं दुपारपर्यंत सुकतात. एवढं मी शिकले होते. मी हिशेब केला नव्हता तो वजनाचा. एक वीट साधारण 2 लिटर पाणी पिते, म्हणजे 2 किलो. माझ्या तिसऱ्या ऑर्डरमध्ये प्रवेशाच्या कमानीवर 36 विटा होत्या. कोरड्या फोमने आखणी केली तेव्हा कमान सुबक दिसत होती. ओला फोम चढवल्यावर वरचा पाइप हळूहळू खाली झुकायला लागला. फुलांसकट 80 किलोंच्या वर गेलं असणार. एक मुलगा शिडीवर उभा राहून दोन्ही हातांनी तो धरून होता आणि बाकीचे आम्ही आधाराला काहीतरी शोधत पळत होतो. शेवटी मधे दोन खांब उभे केले, त्यांना वेल गुंडाळली. पाहुण्यांना ते डिझाइनच वाटलं. नवरीच्या वडिलांनी तर खांबांचं खास कौतुक केलं. मी मान डोलावली.

आता शक्यतो फोम टाळते. एक तर तो प्लास्टिकच, कुजत नाही. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2021 पासून आपल्या प्रदर्शनांतून तो बंद केलाय. दुसरं, तारेच्या जाळीचा गोळा करून पसरट भांड्यात बसवला की फुलं तितकीच नीट उभी राहतात आणि जाळी पुन्हा वापरता येते. लटकत्या कामाला मात्र अजून तोड सापडलेली नाही, हेही खरं.

वाऱ्याबद्दलही सांगायला हवं. उघड्यावरचा कापडी बॅकड्रॉप म्हणजे शीडच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. त्यामुळे "सकाळी तर नीट उभा होता" याला काही अर्थ नाही. मी बेसवर वाळूच्या पिशव्या टाकते आणि जोर वाढला की कापड खाली घेते. नवरीची आई रागावली तरी घेते.

रंगांच्या बाबतीत माझा आत्मविश्वास लाइटने उतरवला. ग्राहकाने जांभळी-निळी थीम निवडली होती आणि दिवसाच्या उजेडात आम्ही केलेला नमुना अप्रतिम होता. संध्याकाळी हॉलचे 2700 केल्विनचे पिवळसर दिवे लागले आणि सगळं जांभळं राखाडी झालं. त्या दिव्यांत निळा प्रकाश फारसा नसतोच, मग फूल तो परतवणार कुठून? तेव्हापासून नमुना दाखवायचा तो त्याच हॉलमध्ये, त्याच वेळेला, तेच दिवे लावून.

टेबलांचं मात्र सोपं आहे. 5 फुटी गोल टेबलाला 8 ते 10 माणसं बसतात आणि मधली फुलरचना एक फुटाच्या आत ठेवायची, नाहीतर सरळ दोन फुटांच्या वर उंच दांड्यावर. मधल्या उंचीची केली तर समोरचा माणूस दिसत नाही आणि लोक जेवताना ती उचलून खाली ठेवतात. मी पाहिलंय.

त्या पहिल्या रात्रीचं सांगायचं राहिलं. दोनला हॉल रिकामा झाला नाही, साडेतीन वाजले. जादा वेळेचं भाडं मी भरलं, मुलांना दुप्पट मजुरी दिली. दुसऱ्या दिवशी जुन्या सवयीने वही घेऊन बसले. फुलं, कापड, वाहतूक, मजुरी, तुटलेल्या दोन काचा, वाया गेलेली फुलं. माझी स्वतःची मजुरी शून्य धरूनही ऑर्डर तोट्यात होती. ऑडिटमध्ये असं खातं समोर आलं असतं तर मी मालकाला बोलावून विचारलं असतं.

आता माझ्या कोटेशनची पहिली ओळ असते, 'उतरवणी आणि परत वाहतूक'. मुद्दाम पहिली. फुलांसाठी 15 टक्के जास्तीचा माल धरते. नमुना मान्य झाल्यावर काही वाढवायचं असेल तर ते वेगळ्या कागदावर, सहीसकट. "थोडंसंच तर वाढवायचंय" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते ऐकलं की हात आपोआप पेनाकडे जातो.

परवा एक काकू मुलीच्या लग्नाचं ठरवायला आल्या होत्या. पहिल्याच ओळीवर त्यांनी चष्मा लावला. "सजवायचे पैसे समजले. पण काढायचे कसले पैसे?" मी त्यांना त्या रात्रीची गोष्ट सांगितली, कमानीचीही सांगितली. त्या खूप हसल्या. मग पेन घेऊन ती ओळ खोडली आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी तीच ओळ खाली पुन्हा लिहिली आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. असं दोनदा झालं. शेवटी सही झाली, पण खुर्च्यांच्या रिबिनी मला फुकट द्याव्या लागल्या.