दहाला एक कथील : काशाने रोजचं जगणं कसं बदललं

नुसतं तांबं ओतणं फार जिकिरीचं. ते वितळायला १०८५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. वितळलेल्या रसात वायू शिरतात आणि साच्यात निवताना तेच बुडबुडे होऊन बाहेर यायला बघतात, त्यामुळे वस्तू भोकाभोकांची निघते. शिवाय तांबं मऊ, धार लवकर वळते. त्यात दहाला एक या हिशेबाने कथील घातलं की त्याचं कासं होतं. हे मिश्रण हजार अंशांच्या आसपासच पूर्ण पातळ होतं आणि साच्याच्या कानाकोपऱ्यात जातं. कोळशाच्या खड्ड्यात फुंकणीने वारा घालणाऱ्या माणसाला ते सत्तर-ऐंशी अंश फार मोठे होते.

कथलाच्या आधी सोमलमिश्रित (आर्सेनिक मिसळलेलं) तांबं होतं. तेही कडक व्हायचं, पण सोमल धुरावाटे उडून जातो. तो धूर विषारी, आणि प्रत्येक वितळणीत प्रमाण बदलणार ते वेगळंच. कथील मात्र तोलून घालता येतं. आमच्या मते खरा फरक इथेच पडला : कारागिराला तीच वस्तू पुन्हा तशीच करता येऊ लागली.

ओतकाम असं चालतं. मुशीत आधी तांबं वितळवायचं, वर कोळशाची भुकटी पसरायची म्हणजे हवा लागत नाही. कथील अगदी शेवटी घालायचं. ते २३२ अंशांनाच वितळतं. आधी घातलं तर जळून त्याची पांढरी राख होते आणि प्रमाण घसरतं. मग ढवळून लगेच ओतायचं. साचा कोरडा आणि गरम हवाच. ओल राहिली तर वाफ होऊन रस अंगावर उडतो. निवताना धातू आकसतो, म्हणून ओतायच्या तोंडाशी जादा रस ठेवायचा, नाहीतर जाड भागात पोकळी राहते. शेवटी धार थंडच ठोकायची, त्याने ती कडक होते. जास्त ठोकली तर चिरते. म्हणून मध्ये मंद लाल होईपर्यंत तापवून, निववून पुन्हा ठोकायची.

मेणाचा नमुना करून त्यावर माती लिंपायची, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत रस ओतायचा, ही रीतही जुनीच. मोहेंजोदडोची साडेदहा सेंटिमीटरची नर्तकी अशीच घडली. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’तही ही कृती आहे. मेणाच्या वजनाच्या साधारण नऊपट धातू लागतो. तोंडाशी राहणारा आणि वाया जाणारा वेगळा धरायचा.

घरात आणि शेतात याने काय आलं? विळा, सुई, वस्तरा, करवत, पटाशी. दगडाचं पातं तुटलं की टाकून द्यायचं. काशाचा विळा तुटला तरी मोडीत किंमत राहते, तोच धातू पुन्हा साच्यात जातो. पण दगड नदीकाठी कुणालाही मिळे, कथील तसं मिळत नाही. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर उलुबुरून इथे इ.स.पू. १३००च्या सुमारास एक जहाज बुडालं. त्यात सुमारे दहा टन तांबं आणि एक टन कथील होतं, म्हणजे जवळजवळ मिश्रणाचंच प्रमाण. शेतकऱ्याचं हत्यार समुद्रापलीकडच्या मालावर अवलंबून राहू लागलं. वजनं, व्यापारी, राखणदार यांचं महत्त्व वाढलं. गरिबाला ते परवडत नव्हतं. हडप्पा संस्कृतीच्या शहरांतही गारेच्या दगडाची लांब पाती चालूच होती.

आपल्या सीमाभागाला ही गोष्ट जशीच्या तशी लावू नये. बेळगाव, खानापूरकडून पूर्वेला गेलं की बळ्ळारीजवळ संगनकल्लूला डोलेराइट या कठीण काळ्या दगडाच्या कुऱ्हाडी घडवण्याच्या जागा सापडतात. हावेरी जिल्ह्यातल्या हळ्ळूरला इ.स.पू. १०००च्या सुमारास लोखंड दिसतं. तांबं तुरळक होतं, पण दक्षिणेत काशाचं असं स्वतंत्र युग नाही. इथे दगडाची जागा मुख्यतः लोखंडानेच घेतली.

कासं इकडे रुजलं ते ताट-वाटी आणि टाळ-घंटेत. यात कथील थेट २२ टक्क्यांच्या आसपास असतं. हा धातू थंड ठोकला तर काचेसारखा फुटतो. लालभडक तापवून घडवला तर मात्र सहज पसरतो, आणि शेवटी पाण्यात बुडवला की ठिसूळपणा कमी होतो. लोखंडी पात्याच्या बरोबर उलट. तिथे पाण्याने कडकपणा आणि ठिसूळपणा दोन्ही वाढतात. सावकाश निवू दिलेली वाटी हातातून पडली की गेलीच.

भजनी मंडळाच्या टाळांना चीर गेली तर डाग देऊन भागत नाही. डाग मऊ धातूचा, तिथे नाद अडतो आणि चीर पुढे सरकत राहते. असा टाळ मोडीत द्यावा. मात्र तो पितळेच्या मोडीत मिसळू देऊ नये. पितळेतलं जस्त शिरलं की पुढच्या ओतीव टाळाचा आवाज बसतो. पुन्हा वितळवताना थोडं कथील जळतं, तेवढं वरून घालायला कारागिराला आधीच सांगावं.