पोस्टातल्या दोन गोष्टी

‘बंगाली कुठल्या क्लासला शिकलात हो?’ हळदीकुंकवापासून बँकेच्या रांगेपर्यंत हा प्रश्न मला कुठेही विचारला जातो. हातात बंगाली पुस्तक दिसलं की विचारतातच. गुजरातीचं कुणी विचारत नाही, कारण घाटकोपरला राहते म्हणजे गुजराती येणारच, असं सगळे धरून चालतात. (तसं काही नसतं. तीस वर्षं शेजार करून ‘केम छो, मजामां’च्या पुढे न सरकलेली माणसं आमच्याच बिल्डिंगमध्ये दाखवीन.) तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. क्लास लावला नाही, ॲपही नाही. एक गुजराती गोष्ट आणि एक बंगाली गोष्ट, एवढ्यावर सुरुवात झाली. दोन्ही पोस्टातल्या.

पोस्टातल्या, कारण मी पोस्टातली. नोकरीची बरीच वर्षं मुंबई जीपीओत गेली. १९१३ सालची ती इमारत, विजापूरच्या गोलघुमटावरून बेतलेला तिचा घुमट, आणि त्याखाली काउंटरला चिकटलेल्या आम्ही. गुजराती अक्षरं मला पत्त्यांवरून आली. देवनागरीचीच ती, शिरोरेघ पुसलेली. दहाबारा अक्षरं तेवढी वेगळी बसवावी लागतात. पिनकोड १९७२ साली आला आणि तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते, याचा मला उगाचच अभिमान आहे. एकाच नावाची चार गावं आणि पत्ते दहा भाषांतले, हा गुंता सोडवायला कवीच हवा होता. पण पिन असला तरी वरचं नाव वाचावंच लागतं.

तर पहिली गोष्ट गुजराती लेखक धूमकेतूंची ‘पोस्ट ऑफिस’. १९२६ साली आलेल्या ‘तणखा’ या त्यांच्या संग्रहात ती आहे. अली नावाचा म्हातारा रोज पहाटे पोस्टात येऊन बसतो. मुलगी मरियम लग्न होऊन लांब पंजाबात गेलेली, तिचं पत्र येईल म्हणून. पाच वर्षं येतो. पोस्टातले लोक त्याची टर उडवतात, कारकून मुद्दाम त्याचं नाव पुकारतो. ही गोष्ट मला आधी शेजारच्या काकींनी तोंडी सांगितली, शाळेत होती म्हणाल्या. सांगता सांगता डोळ्याला पदर लावला आणि मग पुस्तक हातात ठेवलं. पुस्तकात ‘अली डोसा’ असं वाचून मी काकींना विचारलं की हा माणूस उडपी आहे का. डोसो म्हणजे म्हातारा हे तेव्हा कळलं.

त्याच्याही आधी, पहिल्याच वाक्यात अडखळले होते. ‘पाछली रातनुं भूरुं आकाश.’ सरत्या रात्रीचं भुरं आकाश? भुरं म्हणजे आमच्याकडे मातकट, करडं. मुंबईचं आकाश तसं असतं, त्यामुळे मला काही खटकलंही नाही. पुढे त्याच आकाशात तारे चमकायला लागले तेव्हा काकींकडे गेले. त्या गॅलरीत कपडे भिजवत होत्या. साबणाचा हात तसाच बादलीवर आपटून म्हणाल्या, ‘आ डोल भूरी छे.’ बादली निळीशार होती. भूरुं म्हणजे निळं. हा शब्द मी आता मेल्यावरही विसरणार नाही, आणि शब्दकोशात बघितला असता तर संध्याकाळपर्यंत विसरले असते.

माझी पद्धत म्हणाल तर एवढीच: आधी गोष्ट आपल्या भाषेत कळलेली हवी, शेवटासकट. शेवट ठाऊक असला की मन पुढे धावत नाही, शब्दांपाशी थांबतं. मग तीच गोष्ट महिनाभर. लेडीज डब्यात चौथी सीट मिळाली तरी सहा-सात पानांची गोष्ट व्हीटी येईस्तोवर होते. कादंबरीचं तसं नाही, आदल्या दिवशी कुठे होतो ते आठवण्यातच कुर्ला येतं. कंटाळा येत नाही का? येतो. दहाव्या दिवशी तर फार येतो. बाराव्या-तेराव्या दिवशी एखादं वाक्य न अडता डोळ्यांखालून निघून जातं आणि मग मागे वळून पाहावं लागतं, अरे, हे मराठीत होतं की काय!

दुसरी गोष्ट रवींद्रनाथांची ‘पोस्टमास्टर’, १८९१ सालची. उलापूर नावाच्या खेड्यात कलकत्त्याचा एक तरुण पोस्टमास्तर होऊन येतो. त्याचं घरकाम करणारी रतन नावाची पोरकी मुलगी. करमत नाही म्हणून तो तिला अक्षरं शिकवतो, आजारी पडतो तेव्हा ती त्याची शुश्रूषा करते, आणि बदली मिळेना म्हणून तो एक दिवस नोकरीच सोडून निघतो. बस, एवढंच. रवींद्रनाथ जमीनदारीच्या कामासाठी शाहजादपूरला राहायचे; तिथल्या कोठीच्या तळमजल्यावर पोस्ट होतं आणि तिथला पोस्टमास्तर गप्पा मारायला वर यायचा. शाहजादपूर आता बांगलादेशात आहे. पाहिलंत का, असंही विचारतात. नाही पाहिलं. उलापूर माझ्या डोक्यात कोकणातल्या एका सबपोस्ट ऑफिसासारखं दिसतं आणि ते मोडायची माझी इच्छा नाही.

मराठी अनुवाद दादरच्या ग्रंथसंग्रहालयातून आणला, मूळ ‘गल्पगुच्छ’ हा रवींद्रनाथांचा कथासंग्रह एका सहकाऱ्याने कलकत्त्याहून आणून दिला. बंगालीत मराठी माणसाला निम्मे शब्द ओळखीचे वाटतात, आणि तिथेच तो फसतो. पोस्टमास्तर कधीमधी कविता लिहायची ‘चेष्टा’ करतो, असं वाचून मला वाटलं, बरा टवाळ दिसतोय. चेष्टा म्हणजे प्रयत्न. शिक्षा म्हणजे शिक्षण. यावर आमच्या पुतण्याचं मत असं की बंगाल्यांचंच बरोबर आहे. गोष्टीतली रतन थोड्याच दिवसांत जोडाक्षरं ओलांडून पुढे जाते. मला दोन पावसाळे लागले.

जोडाक्षरांचं खरं कुलूप निघालं ते गीतांजली एक्सप्रेसमध्ये. मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना १९७७ साली सुरू झाली, तेव्हा तिच्यात वरचा वर्ग, खालचा वर्ग असा भेद नव्हता. आता एसी डबेही आहेत. समोरच्या बर्थवर हावड्याला निघालेल्या एक आजी होत्या. इगतपुरी गेल्यावर मी पुस्तक काढलं आणि हळू आवाजात वाचायला लागले. नागपूरपर्यंत आजींनी सहन केलं. मग म्हणाल्या, लिहिलंय तसं वाचू नकोस. ‘लक्ष्मी’ लिहायचं, लोक्खी म्हणायचं. ‘पद्मा’ लिहायचं, पद्दा म्हणायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा येईपर्यंत त्यांनी माझ्याकडून रतन तीनदा वाचून घेतली आणि वाटेत मिळेल ते खायला घातलं.

एवढी तयारी करून मी कॉलेज स्ट्रीटवर गेले. पुस्तकांच्या त्या गल्लीत एका टपरीवर एक संग्रह उचलला आणि शुद्ध बंगालीत विचारलं, ‘इहार मूल्य कोतो होइबे?’ विक्रेता माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने शेजारच्याला हाक मारून बोलावलं आणि मला पुन्हा म्हणायला लावलं. मी म्हटलं. दोघं पोट धरून हसले. ‘दीदी, बंकिमबाबूंच्या घरून आलात का?’ (बंकिमबाबू म्हणजे ‘वंदे मातरम्’वाले बंकिमचंद्र.)

झालं होतं असं की रवींद्रनाथांच्या त्या काळच्या गोष्टींतलं निवेदन साधुभाषेत आहे, जुन्या ग्रांथिक बंगालीत. बोलीसारखी चलित भाषा लिखाणात रुळली ती पुढे, १९१४ साली प्रमथ चौधुरींचं ‘सबुजपत्र’ निघालं त्यानंतर. म्हणजे हुतात्मा चौकात फुटपाथवरच्या पुस्तकवाल्यासमोर कुणी उभं राहून ‘महाशय, प्रस्तुत ग्रंथाचे मूल्य किती असेल बरे?’ म्हणावं, तसं मी केलं होतं. ‘एटार दाम कोतो’ म्हटलं की काम होतं. रात्री गेस्ट हाउसवर पुस्तक उघडून बघितलं तर उत्तर समोरच होतं. निवेदन साधुभाषेत, पण अवतरणचिन्हांत रतन आणि तिचे दादाबाबू साधं घरातलं बोलतात. इतके महिने मी नेमकी चुकीची वाक्यं पाठ केली होती. आता कुणी सल्ला मागितला तर एवढंच सांगते, गोष्टीतले संवाद तेवढे पेन्सिलीने अधोरेखित करा आणि तेच तोंडात बसवा.

ते बसवताना एक ध्यानात आलं. तो तिला सांगतो, उद्या चाललो. कुठे? घरी. ‘आबार कोबे आशबे?’ पुन्हा कधी येणार? ‘आर आशबो ना.’ आता येणार नाही. मराठी अनुवादात हे मी कितीदा वाचलं असेल. पण बंगाल्यांतही आपल्यासारखंच आहे, घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. ते ‘आशि’ म्हणतात, आपण ‘येते हं’ म्हणतो, काकी मला दारातून ‘आवजो’ म्हणतात. गाडीतल्या आजी हावड्याच्या फलाटावर ‘आशि’ म्हणूनच गर्दीत गेल्या होत्या. त्या रात्री पुस्तकातलं ‘आशबो ना’ मला नीट ऐकू आलं, आणि पुढचं पान वाचवेना.

परतले तेव्हा काकी जिन्यातच भेटल्या. बॅग हातातून घेत म्हणाल्या, ‘केवुं लाग्युं कलकत्ता?’ पंधरा दिवस तोंडात बंगालीच होती, बोलून गेले, ‘खूब भालो.’

‘भालो?’ काकी थबकल्या. ‘कोने मार्यो?’