चकवा देऊन पुढे: भाट्याच्या वाळूवर रग्बी शिकवताना

रत्नागिरीजवळच्या भाट्ये किनाऱ्यावर मी दहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना रग्बी शिकवतो. खो-खो आणि कबड्डी खेळतच वाढलेल्या या मुलांना चपळाई शिकवावी लागत नाही. शिकवावी लागते ती दिशा. खो-खोत बचाव करणारा खेळाडू कुठल्याही बाजूला पळाला तरी चालते, कारण त्याला वेळ काढायचा असतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याला अखेर आपल्याच अंगणात परतायचे असते. रग्बीत मात्र हाताने चेंडू पुढे देता येत नाही, त्यामुळे पुढची जमीन मुख्यतः धावूनच मिळवावी लागते, आणि हुल देता देता जो आडवाच धावत राहतो, तो साथीदाराची जागा अडवतो आणि शेवटी स्वतः बाजूच्या रेषेबाहेर ढकलला जातो.

आमच्या सरावाची वेळ समुद्र ठरवतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते, हा मच्छीमारांचा हिशेब मलाही पाठ झाला आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती दुपारच्या सुमारास येऊन जाते, आणि शाळा सुटून मुले किनाऱ्यावर पोहोचतात तोवर पाणी लांब हटून ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा मोकळा झालेला असतो. अष्टमीच्या आसपास संध्याकाळी पाणी वर असते आणि उरते ती सुरूच्या झाडांजवळची भुसभुशीत वाळू. तिच्यात पाय रुततो आणि रेटा मिळत नाही. म्हणून त्या दिवसांत फक्त पासचा सराव घ्यायचा, हे मी ठरवून टाकले आहे.

साइडस्टेपचे, म्हणजे धावता धावता एकदम बाजूला निसटून दिलेल्या चकव्याचे, सारे मर्म त्या रेट्यात आहे. बचावपटू दोन-तीन पावलांवर आला की पावले आखूड करायची, गुडघा वाकवून अंग खाली आणायचे, उजवीकडे निसटायचे असेल तर डावा पाय बाहेर रोवून रेटा द्यायचा, आणि त्यानंतरच्या पहिल्या दोन पावलांत पूर्ण वेग पकडायचा. बहुतेक मुले वळतात छान. पण वळल्यावर क्षणभर सैलावतात आणि तिथेच सापडतात. म्हणून मी वळण्यापेक्षा त्या दोन पावलांकडे अधिक लक्ष देतो. शिवाय चेंडू दोन्ही हातांत धरायलाच हवा, कारण तो काखेत दाबला की आपण पास देणार नाही हे समोरच्याला आधीच कळते.

या वयात मी टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून खाली पाडणे, ठेवलेला नाही. जुन्या साडीच्या कापलेल्या पट्ट्या कमरेला दोन्ही बाजूंनी खोचायच्या. पट्टी ओढली गेली की थांबून लगेच पास द्यायचा. पडण्याची भीती नसली की मूल समोरच्याच्या अंगावर सरळ धावून जायला धजावते, आणि चकव्याची सुरुवात त्या सरळ धावण्यातच असते. बचावपटूला दोन्ही बाजू राखाव्या लागल्या, तरच त्याचा तोल एका पायावर जातो.

सर्वांत जास्त वेळ आम्ही दोघांविरुद्ध एक या सरावाला दिला. करवंट्या मांडून अरुंद पट्टा आखायचा आणि बचावपटूला आधी फक्त चालू द्यायचे, मग मोकळे सोडायचे. खो-खोत तरबेज असलेली एक मुलगी प्रत्येक वेळी एकटीच निसटू पाहायची. तिला मी एवढेच सांगितले, “तो तुझ्याकडे वळेपर्यंत चेंडू सोडू नकोस, वळला की एक क्षणही ठेवू नकोस.” पुढे एका संध्याकाळी ती थेट बचावपटूवर धावून गेली, त्याचे खांदे तिच्या बाजूला फिरताच तिने मान न वळवता चेंडू मागे डावीकडे दिला, आणि साथीदार मुलगा मोकळ्या जागेतून ट्रायच्या रेषेपलीकडे, म्हणजे जिथे चेंडू जमिनीला टेकवला की गुण मिळतात तिथे, गेला. “सर, मी पळालेच नाही, तरी तो चकला!” ती म्हणाली. त्या ट्रायचे पाच गुण मी दोघांच्याही नावावर मांडले. नियमाच्या वहीत तसे नसले, तरी शिकवताना ते मला योग्य वाटते.

आता मोठ्या मुलांना टॅकलची ओळख करून द्यायची आहे. तीही ओल्या वाळूवर, आधी दोघांनी गुडघ्यांवर बसून, डोके बाजूला आणि खांदा कमरेखाली ठेवायची सवय लावून. जांभ्या दगडाच्या मैदानावर मी ती कधीच सुरू करणार नाही.